एक नाही, दोन नाही
१९८४ च्या उन्हाळ्यात मी कॅलिफोर्नियात, सांता क्लारातल्या एका ज्यू सेंटरच्या पूलवर पोहायला शिकत होते. शिकवायच्या रिबेकामावशी, मूळच्या रेवदंड्याच्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. मुलांचा क्लास सुटला की बाहेर येणाऱ्या एकेकाला त्या मोजायच्या: "एक नाही, दोन नाही, तीन नाही..." मी फिजिक्सवाली, मला हसू आलं. "मावशी, 'नाही' लावून आकडा बदलतो का?" "आकडा तोच गं, पण दृष्ट लावणाऱ्याचा गोंधळ उडतो. माणसं सरळ मोजायची नसतात, हे माझ्या कोचबाईंनी शिकवलं. नाझींपासून जीव वाचवून व्हिएन्नाहून मुंबईला आल्या होत्या." मग त्यांनी कपाटातून फोटो काढला. स्विमिंग कॅप घातलेल्या मुली, कडेला शिट्टी घेतलेल्या कोचबाई. "ही त्यांची तिथली टीम. यातली एकही मुलगी छळछावणीतून परतली नाही. संध्याकाळी स्मरणसभेत लावायचाय, खालचं लेबल तू टाइप कर." "किती जणी लिहू?" "मोज की." मावशींचा मान राखून मी त्यांच्याच पद्धतीनं चेहऱ्यांवरून बोट फिरवू लागले. "एक नाही, दोन नाही, तीन नाही..." चौथ्या मुलीपाशी मला माझेच शब्द ऐकू आले आणि बोट थांबलं. "माझ्या कोचबाईसुद्धा तिथंच थांबायच्या," मावशी म्हणाल्या. त्यांनी फोटो हळूच उलटा केला. मागे पेन्सिलीनं नावं लिहिलेली होती. "आकडा राहू दे. ही टाइप कर."