कथील आणि शिसे

आमटीत बुडालेल्या पळीचा दांडा हिरवा उजळला आणि रेवतीने समाधानाने आपल्या मुलाची, ओजसची वाटी भरली.

"वन्सं, तुमच्या पळीचं फार सुख आहे हो. ती हिरवी झाली की मी निर्धास्त."

डॉ. शरयू निफाडकर ओशाळवाणे हसल्या. पळी आमटीत विजेची उलटसुलट लहर सोडते आणि प्रत्येक धातू तिला आपापले उत्तर देतो. त्या लहरीचा आकार शरयूंनीच आखला होता. आता घरोघरी त्या लहरीच्या संमतीशिवाय कोणी घास घेत नसे. पहिली पळी मात्र कल्हईच्या भांड्यांवर उगाच लाल व्हायची, कारण कल्हईचे कथील आणि लहान मुलांचा मेंदू खुंटवणारे विषारी शिसे जवळजवळ एकसारखे उत्तर देतात. दोहोंना वेगळे ओळखणारी लहर फार संथ होती, आणि उद्घाटनाची तारीख ठरली होती. तेव्हा शरयूंनी पळीला दोन्ही उत्तरे कथीलच समजायला शिकवले. कल्हईवाले कथलात शिसे मिसळत नाहीत, असे गृहीत धरणे सोयीचे होते. सत्कारही झाला.

समोरच्या पातेल्याची नवी कल्हई शिसे मिसळल्यासारखी करडी, मळकट होती. चार वर्षांचा ओजस अजून एकही शब्द बोलत नव्हता.

शरयूंनी त्याच्यापुढची वाटी ओढून घेतली.

"अहो, पळी हिरवी आहे ना!"

"शिसं असलं तरी ती हिरवीच होते, रेवती."

रेवतीने मुलाला जवळ ओढले. "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"ह्याच्या बारशाला ही पळी घेऊन आले, तेव्हाही ठाऊक होतं."