पहिल्या मिनिटांचा आकडा

"दाराशीच झालं बगा, जीपमधी! दोन मिन्टं बी न्हाई झाली," म्हणत चतुराबाईनं कापडात गुंडाळलेलं लेकरू सिंधू नर्सच्या हाती दिलं. मागून तिची सून रत्नम्मा भिंत धरधरून आली आणि खाटेवर कलंडली.

गावाचा जिल्हा करा म्हणून दवाखान्याच्या भिंती घोषणांनी रंगल्या होत्या. नळाला मात्र पंधरा दिवस पाणी नव्हतं. सिंधूनं आधी रत्नम्माला तपासलं. रक्तस्राव बेताचा होता. मग ती लेकराकडे वळली. मुलगा. नाळ नीट बांधलेली, अंग धुऊन पुसून लख्ख. चतुराबाईचा हात बाळंतपणात मुरलेला, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

रत्नम्माची आधीची दोन्ही लेकरं मेलेलीच जन्मली होती. तिसऱ्यालाही तसंच झालं तर मुलाचं दुसरं लग्न लावणार, असं चतुराबाई याच खाटेपाशी बोलून गेली होती. तेव्हापासून सिंधूचा जीव या लेकरात अडकला होता.

"लेक पार्वती बी बाळंतपणाला आलीय माझ्याकडं," चतुराबाई म्हणाली. "पहाटं तिला मेलेलंच झालं. म्याच पुरून आले. तिला तीन पोरं हायत, सोसंल ती. हिचं तेवढं जगू द्या."

रत्नम्मानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

सिंधूनं लेकराच्या उजव्या मनगटाला मशीनचा पट्टा बांधला. जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन मिनिटागणिक वहीत लिहा, असा डॉक्टरांचा हुकूम होता. पहिला आकडा पाहून घरच्यांचं धाबं दणाणायचं. मग सिंधू समजावायची, "भिऊ नका. चांगल्या ठणठणीत लेकराचं बी पयलं साठ-पासष्टच येतंय. आत्ता कुठं श्वास घ्यायला शिकतंय. दहा मिन्टांत जातंय नव्वदीला."

आकडा थरथरला आणि स्थिर झाला. सत्त्याण्णव.

"शंभरात सत्त्याण्णव!" चतुराबाईनं कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "लई हुशार निघाला की माझा नातू!"

सिंधूच्या डोळ्यांत पाणी आलं. जगलं बाई एकदाचं! तिनं वही ओढली आणि दुसऱ्या मिनिटाच्या रकान्यावर पेन टेकवलं.

पेन तिथंच थांबलं.

त्या रकान्यात वर चाळीस बाळं होती. चाळीसच्या चाळीस सुखरूप घरी गेलेली. पण पंच्याहत्तरच्या वर एकही आकडा नव्हता.

तिनं पट्टा सोडून पुन्हा बांधला. सत्त्याण्णव. तिनं लेकराच्या लख्ख, कोरड्या अंगावरून हात फिरवला. खाटेवर रत्नम्मा तोंडात पदर कोंबून रडत होती.

"मावशी," सिंधू हळूच म्हणाली, "पहाटं पुरून आलात, ते रत्नम्माचं होतं ना?"