पितळी पट्टी

दारात मालिनीबाई उभ्या आहेत हे कळताच हरिचंद्रने पहिलं काय केलं असेल, तर कोपऱ्यातल्या विजेच्या शेगडीवर गोणपाट टाकलं. ‘या बाई’ म्हणायचं नंतर सुचलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच!

“अरे, घाबरलास काय असा? बाळाला बघायला आले,” असं म्हणत बाई आत आल्या. हातात पितळेचा डबा. “अळिवाचे लाडू आहेत, चिमी. रोज एक खायचा. नवऱ्याला द्यायचा नाही.”

चिमी खुदकन हसली. सव्वा महिन्याची लेक तिने बाईंच्या मांडीवर दिली. अंबरनाथच्या कारखान्यातल्या वायरमनांच्या चाळीत साहेबाची बायको बाळंतिणीला बघायला येते, ही काय लहान गोष्ट? तिला आकाश ठेंगणं झालं होतं.

बाई खोकल्या. तोंडाशी पदर धरून बराच वेळ खोकल्या. मनगटावर भाजल्याचा लाल चट्टा होता.

“ह्ये क झायलं, बाय?” चिमीने विचारलं.

“कोळशाची शेगडी, दुसरं काय! बारा वर्षांत सवय मोडली बघ. आमची विजेची गेली ना दिवाळीनंतर. हरिचंद्रने खूप बघितली, पण आतली चिनीमातीच फुटली म्हणाला. नुसत्या नव्या भागालाच ऐंशी रुपये, त्यापेक्षा नवी घ्या. नवी सव्वाशेला. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.”

हरिचंद्र खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. चिनीमाती कुठली फुटायला! आत एक वायर स्क्रूतून निसटली होती, एवढंच. पाच मिनिटांचं काम. पण त्या दिवशी घरून निघताना पोटुशी चिमी चुलीच्या धुराने ओकत होती, डोळे सुजलेले, आणि बाईंच्या स्वयंपाकघरात ती पांढरीशुभ्र शेगडी समोर होती. तोंडातून खोटं कसं निघून गेलं हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

बरं, दुरुस्तीचे पैसे त्याला मागताही येत नव्हते. गावात लोहाराला बलुतं देतात तसा बाईंचा नि त्याचा करार होता. दसऱ्याला सोनं द्यायला जायचं, बारा रुपये घ्यायचे, मग वर्षभर शेगडी बिघडो, जळो, हरिचंद्रने बघायची. कागद नाही, शिक्का नाही. “हे बारा परत घ्या, बाई,” असं तो त्या दिवशी म्हणालाही होता. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, “वेडा आहेस का? तुझ्या हातावर ती इतकी वर्षं चालली. आणि ही मेलेली घेऊन जा, सुटे भाग तरी तुझ्या कामी येतील.”

तेव्हाच खरं बोलला असता तर! पण नाही बोलला.

“दोन मिनिटांत चा करते, बाय,” म्हणत चिमीने गोणपाट बाजूला केलं. “आमच्याकरं पन इजेची हाय आता. यांनी आनली. मना धूर सोसं ना म्हनून!”

शेगडीचं तोंड भिंतीकडे होतं, तेवढाच काय तो हरिचंद्रला आधार. बाईंनी एकदा शेगडीकडे बघितलं. मग मांडीवरच्या बाळाची कुंची नीट केली.

चहा झाला. बाई उठल्या तशी चिमीने लाडू काढून घेतले आणि डब्यात ओंजळभर नवे तांदूळ ओतले. लेकुरवाळीच्या घरातून डबा रिकामा कसा जाईल? झाकण लावता लावता तिचं लक्ष डब्यावर टिंबाटिंबांनी कोरलेल्या अक्षरांवर गेलं.

“आगो बाय!” तिने फडक्याने धरून शेगडी गर्रकन फिरवली. पुढची पितळी पट्टी तिने चिंचेने घासून लख्ख केलेली होती. “बघा ना! हितं पन तसंच! मना वाचता येत नाय, पन हे बघा, हे छत्रीवालं अक्षर. दोनीकरं येकच लिवलंय! क लिवलंय, वो?”

तिने नवऱ्याकडे बघितलं. कारखान्याच्या रात्रशाळेत नवरा वाचायला शिकला होता, याचा तिला कोण अभिमान! पट्टीवर ‘सौ. मालिनी श्यामकांत वैद्य’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

“कंपनीचं नाव आहे, चिमी,” मालिनीबाई म्हणाल्या. “डबाही त्याच कंपनीचा.”

“चांगली हाय का कंपनी?”

“टिकते बाई.”

चाळीच्या टोकापर्यंत हरिचंद्र त्यांच्यामागे गेला. “बाई, उद्या सकाळीच आनून ठेवतो. चुकलो मी.”

“नको. लहान मूल आहे घरात, धूर नको.” बाई थांबल्या. “मागायची होतीस रे. साहेबांशी भांडून दिली असती.” आणि निघता निघता म्हणाल्या, “दसऱ्याला सोनं द्यायला ये. ते वर्षाच्या बारा रुपयांचं मात्र आता राहू दे.”

त्या खोकत खोकत रस्त्याला लागल्या.

हरिचंद्र घरी आला. चिमीने शेगडी कोपऱ्यातून काढून उंबऱ्यासमोर, पाटावर मांडली होती. पट्टी दाराकडे. येणाऱ्याजाणाऱ्याला कंपनीचं नाव दिसावं म्हणून.