बेथनसाठी दीड तास

“आणि लहानपणी, सभापती महोदय, बेथनला पावाच्या कडा आवडत नसत,” सर ऑब्री म्हणाले आणि थांबले. त्यांचं थांबणं प्रसिद्ध होतं. अख्खं सभागृह तेवढा वेळ श्वास रोखून बसायचं.

वर संसदेच्या प्रेक्षक गॅलरीत, काचेमागे, नेरिसनं नवऱ्याचा हात दाबला. “ह्यू, पत्रातलं एकूण एक लक्षात आहे रे त्यांच्या.”

अकरा पानी पत्र होतं ते. सर ऑब्रींनीच मागवलं होतं. ‘तुमच्या मुलीबद्दल सगळं कळवा, अगदी बारीकसारीकसुद्धा,’ असं स्वतःच्या हातानं लिहून. बेथन स्वान्सीहून शिकायला गेली, भाड्याच्या खोलीत झोपली ती उठलीच नाही. बॉयलरमधून विषारी वायू झिरपत होता आणि घरमालकानं धोक्याची घंटा बसवली नव्हती. ती सक्तीची करणारं विधेयक रोझलिन टेट या खासदारबाईंनी आणलं होतं. आज ते पुढं सरकलं, तर लेकीचं मरण अगदीच वाया गेलं नाही, एवढं तरी नेरिसला म्हणता येणार होतं. चार वर्षं ती या एका आशेवर तग धरून होती.

बाकीचे खासदार आकडे सांगून खाली बसले. सर ऑब्रींची तऱ्हाच न्यारी. आवाज मधाळ, घाई कसली ती नाही. बेथनचा पहिला दात, तिची सायकल, शेजारच्या म्हातारीला तिनं शिकवलेले पत्ते, सगळं त्यांनी असं रंगवलं की समोरच्या बाकांवरची माणसं आधी हसली, मग डोळे पुसू लागली. मध्येच स्वतःच्या आजोबांच्या कोळशाच्या शेगडीचा किस्सा आला. रोमन सम्राटांच्या न्हाणीघरांतली धुराडीसुद्धा आली.

रोझलिनबाई दोनदा उठल्या. “सन्माननीय सदस्य आता आटोपतं घेतील का?”

“घेतो की. पण या पोरीला दोन मिनिटांत गुंडाळायचं म्हणता, बाई?” सर ऑब्री हळुवारपणे म्हणाले.

रोझलिनबाई खाली बसल्या. नेरिसला त्यांचा रागच आला. आपल्या बाजूची म्हणवणारी बाई, आणि जो पोटतिडकीनं बोलतोय त्यालाच अडवते.

अडीच वाजले. सभापती उठून काहीतरी पुटपुटले. सर ऑब्रींनी वाक्य अर्ध्यावर सोडलं, कागद गोळा केले आणि ते चालू लागले. बाकंही रिकामी झाली.

“मतदान कधी आहे?” नेरिसनं दारावरच्या शिपायाला विचारलं.

“आता कुठलं मतदान, बाई. शुक्रवारी अडीचला कामकाज संपतं. तेव्हा कुणी बोलत असेल तर विधेयक बारगळतं.”

“अहो, पण ते आमच्याच बाजूनं बोलत होते.”

शिपायानं अदबीनं दार उघडून धरलं.

रोझलिनबाई जिना चढून वर आल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. “मला माफ करा. हा माणूस विधेयक पाडणार हे मला ठाऊक होतं, पण वीस मिनिटांपुढं त्याला रेटता येणार नाही असं वाटलं होतं. मुद्दाच नव्हता हो त्याच्याकडे. दीड तास पुरेल एवढं याला मिळालं तरी कुठून?”

“माझ्याकडून,” नेरिस म्हणाली.