कोपऱ्यातला चौकोन

"ती कोपऱ्यातली बाई आधी काढा!" फोनवरचा माणूस ओरडत होता. "आम्ही गाणं ऐकायला बसलो होतो, तिला माश्या हाकलताना बघायला नाही!"

"कळवतो हं वर," म्हणत कानकाकांनी फोन ठेवला. लगेच दुसरा वाजला.

वाहिनीच्या प्रेक्षक कक्षात त्यांना सगळे कानकाकाच म्हणत. खरं नाव त्यांच्या बायकोला आठवत असलं तर असेल. लोक काय म्हणतात ते ऐकायचं आणि वरच्या मजल्यावर साहेबांच्या कानावर घालायचं, एवढंच काम. काल संध्याकाळी त्या नामांकित गायिकेची मैफल थेट दाखवली होती आणि शेवटी तिनंच हौसेनं सांगितलं होतं, "लिहीत बसू नका. फोन करा, नाहीतर स्वतःचा व्हिडिओ काढून पाठवा. मला तुमचे चेहरे बघू देत."

झालं! सकाळपासून काकांना चहा प्यायला उसंत नव्हती.

आणि मतं तरी काय एकेक! उचलली जीभ लावली टाळ्याला. गायिकेचा आवाज बसलाय. छे, आता कुठे तो उघडलाय. कपडे भडक होते. वाजवणारे झोपले होते. एक आजोबा तर मैफल सोडून हवामानाच्या बातम्यांवरच घसरले. पण कोपऱ्यातल्या बाईवर भडकण्यात सगळ्यांचं एकमत होतं.

व्हिडिओंचा ताप वेगळाच. कुणी नुसतं कपाळ दाखवून बोलत होतं, कुणी मांजर नाचवत होतं. गायिकेच्या शेवटच्या गाण्यात हात उंचावून डोलायचं असतं, तर म्हातारेकोतारेसुद्धा मोबाइलपुढे बसून हातवारे करत होते. तोंडातून ब्र नाही. काकांचा नियम सोपा होता. जो बोलला त्याचं मत, बाकी सगळा कचरा. बोट टेकवायचं की गेला.

दुपारी साहेब स्वतःच खाली आले. चेहरा लालबुंद. त्यांच्या मागे ती कोपऱ्यातली ताई, कालचाच काळा सदरा घालून.

बहिऱ्या लोकांना गाणं कळावं म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात एका लहान चौकोनात उभं राहून काल तिनं ते खुणांच्या भाषेत सांगितलं होतं. त्या चौकोनासाठी तिनं साहेबांच्या दारात चपला झिजवल्या होत्या. शेवटी ते तयार झाले, पण एका अटीवर. एकदा करून बघू. लोकांना आवडलं तर चौकोन प्रत्येक कार्यक्रमात राहील, नाहीतर कायमचा बंद.

"काका, हिच्यासमोरच सांगा. चौकोनाबद्दल तक्रारी किती?"

"ढिगानं आहेत, साहेब."

"आणि बाजूनं?"

"एका शिक्षिकेनं चांगलं म्हटलं. मग म्हणाली, जरा लहान करा."

"बहिऱ्यांपैकी कुणी?"

"एकही नाही."

साहेब वळले. "ऐकलंत? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुमच्यापायी जाहिरातवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या मी!"

"ज्यांना ऐकू येतं त्यांच्यासाठी नव्हताच तो, सर!" ताईही भडकली. "त्यांना काय विचारता?"

"मग ज्यांच्यासाठी होता ते कुठे मेलेत?"

ताई काकांकडे वळली. "नीट बघितलंत ना, काका? गायिका बोलली ते सगळं मी सांगितलं होतं. वर हेही सांगितलं, की मत पाठवा, त्याच्यावरच हा चौकोन टिकणार आहे."

"अहो ताई, आलेलं एकूण एक मत या दोन कानांनी ऐकलंय. खोटं कशाला बोलू?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आता राग साहेबांवर नव्हता.

"माझी आई जन्मभर टीव्हीपुढे बसून लोकांची तोंडं हलताना बघत राहिली," ती म्हणाली. "आम्ही हसलो की हसायची. का हसलो ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्यासारख्यांसाठी भांडले मी, आणि यांना साधं बोट उचलायचा कंटाळा? मीच मूर्ख! काढा सर तो चौकोन. मलाही नको आता."

साहेबांनी तिथूनच स्टुडिओत फोन लावला. "आजपासून कोपरा मोकळा," एवढंच बोलले आणि निघून गेले.

थोड्या वेळानं ताई आपली पिशवी भरून निघाली. डोळे सुजलेले, ओठ घट्ट मिटलेले. काकांना राहवेना. रागीट असली तरी पोर कष्टाळू होती.

"बसा जरा, ताई. अर्धा कप चहा घ्या. आणि एक गंमत दाखवतो, हसाल. मुद्दाम ठेवलीय."

त्यांनी व्हिडिओ लावला. खिडकीपाशी एक आजी बसली होती. केस चोपून विंचरलेले, अंगावर ठेवणीतले कपडे. तिनं कानाला हात लावला, मान हलवली. मग बोटं भराभर नाचायला लागली. थांबून तिनं दोन बोटांनी हवेत एक चौकोन काढला, तो दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी घट्ट धरला.

ताईनं पिशवी खाली ठेवली.

"बघितलंत? शब्द नाही तोंडातून, नुसती नाचतेय म्हातारी," काका हसत म्हणाले. "आणि ही एकटीच नाही हं. सकाळपासून असली शेकड्यांनी आली, सगळी उडवली मी."