नव्या हॉटेलाचा रस्सा

बाबनरावांच्या नागपुरातल्या सावजी भोजनालयासाठी मुलाने, अभिजीतने, फोनवर एक प्रोग्रॅम बनवला होता. लोकांचे ऑनलाइन अभिप्राय वाचून, गिऱ्हाईक दुसरीकडे वळायच्या आधीच तो इशारा देई. आज इशारा आला. धरमपेठेतल्या एका नव्या हॉटेलाची चव हुबेहूब बाबनरावांकडची, असं लोक लिहीत होते.

अभिजीतने तिथला रस्सा मागवला. पहिल्याच घोटाला बाबनरावांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही आचाऱ्यांना समोर उभं केलं.

"बोला, घरचा मसाला कोणी विकला? माह्यं दुकान बुडून राहिलं!"

स्वतः घरी भाजलेल्या मसाल्याचा डबा घेऊन अभिजीतची आई तेवढ्यात आत आली.

"त्याईच्यावर काहून चिल्लावून राहिले?"

 

तिने डबा बाबनरावांसमोर ठेवला. "तुमाले भागीदारी मागितली तवा तुमी हसले, म्हणून बहिणीसंगं ते हॉटेल मीच काढलं."