जास्तीचं तेल

शॉकअप खाली जाईना.

मुलीने त्यातली सगळी हवा सोडली होती. दोन्ही हातांनी हँडल धरून तिने अंगाचा सगळा भार पुढे टाकला, तरी सायकलचा पुढचा शॉकअप निम्म्याच्या जरा पुढे गेला आणि अडला. तो किती दबला हे सांगणारी नळीवरची रबरी रिंग शेवटापासून चार बोटं अलीकडेच थांबली.

"पुन्हा दाब," दारातून उस्ताद म्हणाले. उस्ताद म्हणजे तिचे वडील. ट्रकच्या गॅरेजात सगळे त्यांना याच नावाने हाक मारत, आणि खरं सांगायचं तर घरातही त्यांना तेच आवडे.

तिने पुन्हा दाबलं. रिंग जागची हलली नाही.

स्वयंपाकघरात जमिनीवर जुनी चादर अंथरली होती. तिच्यावर पाने-पकडी, फडकी आणि शॉकअपच्या हवेच्या नळीतून काढलेले प्लॅस्टिकचे दोन जाड तुकडे. हे तुकडे कंपनी धिप्पाड गड्यांच्या हिशेबाने घालते. ही पोर तर काडीपैलवान. तिच्या वजनाला शॉकअप पुरता दबायचाच नाही. मागच्या सरावात दगडांच्या उतारावर त्याने असा हिसका दिला की हँडल हातातून सुटलं आणि ती तोंडावर आपटली. कोच म्हणाले, मनगटात दम नाही. ती म्हणाली, दोष शॉकअपचा आहे आणि तो मी माझ्या हाताने काढून दाखवते. उद्या सकाळी त्याच उतारावर संघाची निवड होती. शॉकअप आज खाली गेला नाही, तर कोचच खरे ठरणार होते.

"माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. "तुकडे काढायलाच नको होते."

"मग घाल परत," उस्ताद जरा घाईनेच म्हणाले. "कंपनीवाले काय वेडे आहेत?"

आई नुकतीच ड्यूटीवरून आली होती, अजून नर्सच्या युनिफॉर्ममध्येच होती. शॉकअपमध्ये तेल मोजून सोडायला कोरी सिरिंज तिनेच आणून दिली होती. पिशवी ओट्यावर ठेवून ती चादरीपाशी बसली.

"आधी उघड ते. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, ते बघू. पेशंटचं आम्ही तसंच बघतो."

मुलीने खालचे बोल्ट सैल केले आणि आईने खाली औषधाचं माप धरलं. माप भरलं. तेल वाहू लागलं, म्हणून तिने चहाचा कप ओढला. तोही अर्धा झाला.

"तू किती घातलं होतंस?"

"दोन्ही नळ्यांत दहा-दहा मिली. तुझ्याच सिरिंजने."

आईने कप वर उचलून नीट पाहिला. मग मुलीकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो."

उस्ताद छताकडे बघायला लागले.

"ही खाली चाक आणायला गेली होती, तेव्हा इथे तुम्ही एकटेच होतात ना?"

"थोडंसंच घातलं," उस्ताद म्हणाले. "अगं, चमचाभर तेलात कुठे शॉकअप चालतो का? कोरडा पडला असता. आणि उद्या आपली पोर त्याच्यावरून उतरणार! जन्मात कुठली गाडी मी तेलाला उपाशी ठेवली नाही."

आता भडका उडणार म्हणून आईने कप बाजूला सरकवला. पण मुलगी चिडलीच नाही. तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नव्हतं," आई म्हणाली.

"बाबा, यातलं हे तेल नुसतं नळ्या ओल्या ठेवायला असतं. वरची हवा सोडली तरी खाली थोडी अडकलेली राहतेच, बाकीची जागा तिला लागते. तेलाने ती भरून टाकली, तर दाबल्यावर हवेने जायचं कुठे? ती खालून अडवूनच धरणार."

उस्तादांनी वाकून कपातलं तेल पाहिलं. हवा आणि तेल काय करतं हे त्यांना शिकवायला नको होतं. फक्त आजवर त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं, एवढंच.

"बरोबर आहे," ते म्हणाले. आईने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

तेल पुन्हा मोजून आत गेलं. उस्तादांचा हात सवयीने पान्याकडे वळला.

"पाना माझ्याकडे," मुलगी म्हणाली. "तुम्ही फक्त धरा."

उस्तादांनी धरलं. जिथे ते खांदा लावून आवळत, तिथे ती दोन बोटांनी पाना फिरवत होती आणि नेमकी वेळेवर थांबत होती. इतका शांत हात त्यांनी गॅरेजात कुणाचाच पाहिला नव्हता, स्वतःचा धरून. त्यांना फार अभिमान वाटला आणि थोडी लाजही वाटली. दोन्ही दिसू नये म्हणून ते मान खाली घालून शॉकअप धरून राहिले.

चाक बसलं. मुलीने भार टाकला. शॉकअप शेवटपर्यंत गेला, रिंग टोकाला टेकली.

"मनगटात दम नाही म्हणे!" आईने तेलकट हातांनीच टाळी वाजवली.

मुलीने आपल्या वजनापुरती हवा भरली. मग उस्ताद पुढे झाले. दाबून पाहिलं, सोडून पाहिलं, कान लावला, बोल्टखालून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं.

गॅरेजातून गाडी बाहेर काढताना ते ड्रायव्हरला गाडीची हमी देणारं एक ठरलेलं वाक्य सांगत, पण फक्त स्वतःच्या हातच्या गाडीबद्दल. हाताखालच्या कुणी काम केलेलं असलं, तर नुसतं "जपून चालव." मुलीला हे लहानपणापासून माहीत होतं. ती "जपून चालव" ऐकायच्या तयारीनेच उभी होती.

उस्तादांनी हँडल तिच्या हातात दिलं.

"उद्या पडलीस," ते म्हणाले, "तर चूक तुझी. गाडीची नाही."